कच्च्या टाक्यांचा शर्ट

चौकातल्या त्या शिंप्याला सगळेच मास्टरजी म्हणतात. नाव मी कधी विचारलं नाही. टेप गळ्यात अडकवून ते आधी गप्पाच मारतात. बोलण्यात रमल्यावरच म्हणे माणसाचे खांदे सैल पडतात. आणि कच्च्या टाक्यांवर शर्ट गिऱ्हाइकाच्या अंगात घालून बघितल्याशिवाय पक्की शिलाई मारणार नाहीत.

बाबा साताऱ्याहून लखनौला माझ्याकडे आले की त्यांच्याकडूनच शर्ट शिवून घ्यायचे. शेवटचा घालून बघायच्या आधीच बाबा गेले. तो अजून पांढऱ्या दोऱ्यांसकट दुकानातल्या खुंटीवर आहे.

परवा धीर करून म्हटलं, "मास्टरजी, इसे मेरे नाप का कर दीजिए."

त्यांनी तो माझ्या अंगावर चढवला, खांदा जरा ओढून पाहिला, आणि हळूच उतरवून परत खुंटीला लावला.

"रहने दीजिए, भैया. अभी बाबूजी का ट्रायल बाकी है."