बर्फाच्या कारखान्यातला अल्बम

"हर्षल, परत घसरलास," मी हेडफोन काढत म्हटलं.

"ताई, हात बसतच नाय आज." ड्रमवर तो रडवेला झाला होता.

२०१७ चा पावसाळा. मी साउंड इंजिनियर, आणि आमचा स्टुडिओ म्हणजे डहाणूजवळच्या आगर गावातल्या बर्फाच्या कारखान्याचं गोदाम. कारखाना हर्षलच्या मामांचा. चार पोरांचा रॉक बँड तिथेच वाजवत मोठा झालेला. मासेमारी बंदीत बर्फाला गिऱ्हाईक नसतं, मशीन बंद असते, म्हणून रेकॉर्डिंगला ही वेळ मीच निवडली होती. सोमवारपासून हर्षल वापीला कंपनीत लागणार होता. आज ड्रम झाले नाहीत, तर त्यांचा पहिला अल्बम बुडाला. आणि गाणी तर अशी, की त्यांचा गायक, तलासरीचा भरत, अच्छाडच्या चेकनाक्यावर अडकलेल्या ट्रकांचं गाणं गायला लागला की माझ्या अंगावर काटा यायचा.

लय सुटू नये म्हणून वाजवणाऱ्याच्या हेडफोनमध्ये टिकटिक सोडतात. तिला क्लिक म्हणतात. क्लिक दिला की हर्षल गोंधळायचा, काढला की रेंगाळायचा. मी वैतागले होते.

मामा चहा घेऊन आले. "पाहुण्यांना लाजतात काय? एरवी तर छप्पर उडवतात."

"एरवी म्हणजे मशीन चालू असताना?"

"मग! तिच्या आवाजात यांचा आवाज खपतो, म्हणून तर इथे वाजवू देतो."

माझी ट्यूब पेटली. भिंतीपलीकडच्या जुन्या कॉम्प्रेसरच्या धडधडीवरच यांची लय बसली होती. सगळी गाणी त्याच गतीची, नाहीतर तिच्या दुप्पट. आणि ती धडधड बंद असतानाचा मुहूर्त काढला होता मी!

"मामा, मशीन लावा."

"बंदीत? बर्फ काय अंगाला चोळू?"

"थोडाच वेळ."

कुरकुरत त्यांनी लावली. मी धडधड रेकॉर्ड केली, माइकमध्ये तिचा आवाज घुसू नये म्हणून मशीन बंद करायला लावली आणि क्लिकच्या जागी तीच धडधड हर्षलच्या कानात सोडली.

"आली!" तो ओरडला आणि गाणं एका दमात पार झालं. संध्याकाळपर्यंत सगळे ड्रम झाले. इतकं हायसं वाटलं, की मामांकडचं सुक्या बोंबलाचं कालवण मी मागून मागून खाल्लं.

कुठल्याही बँडचा इतका सरस पहिला अल्बम माझ्या हातून पुन्हा झाला नाही. ऐकला मात्र फार थोड्यांनी. त्या थोड्यांत मामाही होते. त्यांची तक्रार अशी, की सगळं झकास आहे, पण मशीन कुठे ऐकू येत नाही.

आता नवा बँड आला, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रॅक्टिस कुठे करता, आणि शेजारी काय चालू असतं?