पहिल्या मिठाचे सात साक्षीदार

लायब्ररीतल्या बाई आम्हाला शिकवणार, हे ऐकून एम.ए.च्या वर्गात आम्ही सहाजण खो खो हसलो होतो. साठच्या दशकातली गोष्ट. कर्णिकबाई म्हणजे आमच्या मुंबईच्या कॉलेजच्या ग्रंथपाल, आणि ग्रंथपालानं पुस्तकावर शिक्का मारायचा आणि उशीर झाला की डोळे वटारायचे, एवढंच आमचं ज्ञान! पण आम्हाला शिकवणाऱ्या ओगलेसरांनी प्राचार्यांच्या मागे लागून परवानगी काढली. प्रबंधासाठी माहिती कशी जमवायची हे सर आणि बाई दोघं मिळून शिकवणार, आणि तेही थेट पनवेल-उरणच्या मिठागरांत जाऊन. प्राचार्य म्हणाले, एक सहल करून बघा. जमलं तर पुढच्या वर्षी वेळापत्रकात घालू.

मी तर उड्याच मारल्या. माझा प्रबंध मिठागरांतल्या चालीरीतींवरच होता. पहिलं प्रकरण चाळीस पानांचं, लिहून तयार, त्यावर सरांचा 'उत्तम' असा शेरा. ते सगळं प्रकरण एका गोष्टीवर उभं होतं, आणि ती गोष्ट सरांच्याच एका मासिकातल्या लेखातली : हंगामातलं मिठाचं पहिलं टोपलं विकत नाहीत, खाडीला परत देतात. काय गोड कल्पना! समुद्राच्या ऋणावर मी पानंच्या पानं लिहिली होती. प्रबंध जूनमध्ये द्यायचा होता आणि आम्ही निघालो होळीच्या आधी.

तेव्हा खाडीवर पूल नव्हता. एस.टी. ठाण्याला वळसा घालून, मुंब्र्याच्या डोंगराखालून धूळ खात खात पनवेलला पोचली तेव्हा दुपार झाली होती. धर्मशाळेत सामान टाकलं आणि बाजारातल्या खानावळीत वालाच्या बिरड्यावर तुटून पडलो. (पनवेलला गेलात तर वाल खाल्ल्याशिवाय परतू नका, मी बजावून ठेवते.) तीन दिवसांची सगळी सहल माणशी दहा रुपयांच्या आत झाली, हे आता नातवंडांना खरं वाटत नाही.

जेवण झाल्यावर बाईंनी प्रत्येकाच्या हातात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा ठेवला. एका कार्डावर एकच गोष्ट. वर काय कळलं ते, त्याखाली कोणी सांगितलं, आणि अगदी तळाला, त्या माणसाला ते कुठून कळलं.

आमच्यातला वात्रट वसंत म्हणाला, "बाई, ही तर पोलिस चौकशी झाली!"

"पोलिस निदान दोनदा विचारतात. तू एकदा तरी विचार," बाई म्हणाल्या. सर मिश्यांत हसले.

संध्याकाळपर्यंत मी बाजारातल्या सात जणांना गाठलं. मसाल्याच्या दुकानातले कासमभाई म्हणाले, "बेटी, ही तर मशहूर बात आहे. पहिलं टोपलं खाडीचं. साऱ्या पनवेलला मालूम आहे." बाकीच्या सहाजणांनीही तेच सांगितलं. सातही कार्डं मी ऐटीत बाईंपुढे टाकली. त्यांनी ती एकेक पाहिली आणि माझ्याकडे परत सरकवली.

"तळाची ओळ कोरी आहे, नलू."

"बाई, वडीलधाऱ्या माणसांना कसं विचारायचं, तुम्हाला हे कुठून कळलं म्हणून? खोटारडं ठरवल्यासारखं वाटतं."

"मग गोड बोलून विचार. पण विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच फेरी. कासमभाई म्हणाले, "मला? वाचनालयात. गुरुजी वाचून दाखवतात ना." दुसऱ्या दुकानात गेले, तर तिथेही वाचनालय. तिसरीकडे गुरुजी. चौथ्यापासून सातव्यापर्यंत तेच. शेवटी त्या निवृत्त गुरुजींचं घर शोधलं. बिचारे केवढे खूश झाले! चहा केला, कपाटातून एक मासिक काढलं आणि बोट ठेवून म्हणाले, "हे बघ पोरी. मुंबईच्या कोणी ओगले म्हणून प्राध्यापकांनी लिहिलंय. मीच सगळ्यांना वाचून दाखवलं."

झालं! माझे सात साक्षीदार म्हणजे एकटे ओगलेसर, आणि ते धर्मशाळेच्या ओट्यावर बसून पेपर वाचत होते.

दुपारी गव्हाण गावाला गेलो. फाट्यावर उतरून उन्हात बरंच चाललो. समोर मिठागरं अशी लखलखत होती की डोळे उघडवेनात. सर बाकीच्यांना घेऊन पुढच्या बांधावर गेले, मी मागे राहिले. बायजाबाई म्हणून एक आजी डोक्यावरून मिठाचं टोपलं उतरवत होत्या. मी त्यांना पहिल्या टोपल्याचं विचारलं. आजी कमरेवर हात ठेवून एवढ्या हसल्या की शेजारच्या बायाही काम टाकून आल्या.

"मीठ खाडीन टाकाचा? वर्साची मेनत पान्यान? आमी काय येडी हाव? कोनी सांगला तुला?"

आता ह्याचं उत्तर मी काय देणार, कप्पाळ!

"मग पहिलं टोपलं जातं कुठे, आजी?"

"लेकीच्या घरी! लगीन झालेल्या लेकीला पयला मीठ. तवर इकाचा नाय."

मी धीर करून तळाचा प्रश्न विचारला. "तुम्हाला हे कुठून कळलं?"

"कलला कुठशी म्हंजे? माज्या बापानी मना दिला, मी माज्या लेकीला देतंय. त्यान कोनी सांगाचा काय?"

त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी हातावर ठेवली. इतकी चविष्ट भाकरी खाताना इतकं रडू कधी आलं नव्हतं. चाळीस पानं गेली! बरं, गप्प बसले तर कोणाला कळणार होतं? शेरा मिळालेला होताच. आणि सांगावं, तर सरांना सगळ्यांदेखत खाली बघावं लागणार. ते रागावले तर माझा प्रबंध अडकणार आणि बाईंचा वर्गही बंद पडणार.

मी बाईंना एका बाजूला नेऊन सगळं सांगितलं. "तुम्हीच सांगा ना सरांना."

"मी सांगितलं तर ती चहाडी. कार्ड तुझं आहे, नलू. द्यायचं की नाही ते तू ठरव," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मुंबईची लाँच पकडायला उरणमार्गे मोऱ्याच्या बंदरावर आलो. तिथे भरती-ओहोटीची वेळ पाहून जा, ओहोटीला लाँच सुटत नाही. आम्ही पाणी चढेपर्यंत धक्क्यावर कलिंगड खात बसलो होतो. लाँच सुटली. वसंत चणे चावत होता, बाकीचे गाणी म्हणत होते. मी उठले आणि बायजाबाईंचं कार्ड सरांच्या हातात दिलं. त्यामागे, आता तळाची ओळ भरलेली, ती सात कार्डंही दिली.

सरांनी ती सगळी वाचली. पहिल्यापासून पुन्हा वाचली.

"सर, तुम्हाला कुठून कळलं होतं?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"अशाच एका लाँचीवर," ते हळूच म्हणाले. "शेजारी एक प्रवासी बसला होता. बोलता बोलता म्हणाला. त्याला कुठून कळलं ते मी विचारलंच नाही."

मग ते खांबाला धरून उभे राहिले. "गाणं थांबवा जरा. माझं चुकलं."

वसंतचं चावणं थांबलं. एखादा प्राध्यापक असं म्हणतो, हे आम्ही जन्मात ऐकलं नव्हतं. सरांनी सगळी हकीकत, स्वतःचं नाव घेऊन, सगळ्यांना सांगितली. मग बाईंकडे वळून म्हणाले, "कर्णिकबाई, पुढच्या वर्षी पहिला तास तुमचा. सुरुवात माझ्या चुकीपासून करा." बाई लाजल्या आणि मनापासून हसल्या. मला तर लाँचीवरच नाचावंसं वाटलं!

घरी आल्या आल्या मी ती चाळीस पानं फाडली. आई ओरडली, "अगं, वेड लागलं का?" मी हसत होते. लेकींच्या मिठावरचं नवं प्रकरण जूनच्या आत झालं, आणि पहिल्यापेक्षा बरं झालं. पुढच्या वर्षी वेळापत्रकात सरांच्या नावाशेजारी बाईंचंही नाव लागलं.

आता समुद्रावरून पूल झालाय, पनवेल ओळखू येत नाही. जाणार असाल तर जरूर जा, पण मला आठवतात तसे रस्ते शोधू नका. पुढे मी स्वतः तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. पहिल्याच वर्षी वर्गात एक चूक माझ्या लक्षात आली. खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "माझं चुकलं." कोणी हसलं नाही. पोरांनी वह्या उघडल्या, जुनं खोडलं आणि नवं लिहायला घेतलं.