आबांचा बिल्ला आणि माझे डोळे

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, ती गेली. मुलांची समजूत अशी की त्यांच्या पणजोबांचा लढाईतला बिल्ला पणजोबांनीच कुठेतरी हरवला. ती समजूत खोटी आहे आणि ती मी राहू दिली.

आमचं गाव शनीचं. घरांना दारं नाहीत. कुत्रं शिरू नये म्हणून चौकटीला फळी टेकवायची, एवढंच. चोरी करणाऱ्याचे डोळे जातात, हे इथलं पोर चालायला लागायच्या आत शिकतं. माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, लष्करी पेटीला कडी होती. कुलूप कधीच नव्हतं.

आबा ब्रह्मदेशात लढले होते. लढाईबद्दल मात्र बोलत नसत, खेचरांबद्दल बोलत. "खेचराला लाज आसती, साहेबाला न्हाई," म्हणायचे. सव्वीस जानेवारीला धुतलेल्या सदऱ्यावर बिल्ला लावून शाळेच्या मैदानात पहिल्या रांगेत उभे राहायचे. वर्षातला तेवढाच एक दिवस त्यांचा.

मी एकवीस वर्षांचा असताना नगरला भरती निघाली. म्हणालो, "आबा, बिल्ला द्या. साहेबांना दाखवतो."

"बिल्ला माझ्या पायांनी मिळवलेला हाय. तू तुझ्या पायांनी पळ."

भरतीच्या दिवशी ते रानात गेल्यावर मी पेटी उघडली. संध्याकाळी परत ठेवणारच होतो, म्हणून ती चोरी वाटली नाही.

पळण्यात पास झालो, छातीच्या मापात अडलो. अर्धा इंच कमी. तेव्हा खिशातून बिल्ला काढून पुढे धरला. माप घेणारा हवालदार हसला. "ही आजोबाची छाती झाली. तुझी कुठंय?" मागची रांगही हसली.

फाट्यावर एसटीतून उतरून गावाकडे चालताना कालव्याचा पूल लागतो. तिथून मी बिल्ला पाण्यात भिरकावला. राग हवालदाराचा होता की आबांचा, अजून सांगता येत नाही. लगेच पाण्यात उतरलो, हाताने गाळ चाचपला. सापडला नाही.

घरी आबांनी एवढंच विचारलं, "किती कमी पडलं?"

"अर्धा इंच."

"मग जेव. पुढल्या भरतीपत्तूर भरून निघंल."

आठ दिवसांनी त्यांनी पेटी उघडली. तीनदा रिकामी केली, तीनदा भरली. आई दबकत म्हणाली, "कुनी नेला तर नसंल, मामंजी?"

"आपल्या गावात कुनी काई नेत न्हाई," आबा म्हणाले. "माझ्याकडूनच पडला." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विळा घेऊन गवताला गेलो.

त्या जानेवारीत ते मागे, भिंतीपाशी उभे राहिले. पुढे मी त्याच शाळेत मास्तर झालो. झेंडावंदनाला मुलांच्या रांगा मी लावायचो, आबा भिंतीपाशीच. त्यांना पुढे बोलावणं माझ्या हातात होतं. बोलावलं नाही, कारण पुढे आले असते तर कुणीतरी बिल्ल्याचं विचारलं असतं.

मग त्यांना काचबिंदू झाला. दोन वर्षांत दोन्ही डोळे गेले.

एकदा त्यांना हाताला धरून पारावर नेलं. त्यांच्याच वयाचा एक गडी तंबाखू मळत म्हणाला, "पैलवान, बिल्ला खरंच तुमचा हुता, का कुनाचा उचलून आनल्याला? आपल्या गावात डोळे उगंच जात न्हाईत."

माझा हात आबांच्या हातात होता.

"उचलल्या हुत्या की," आबा म्हणाले. "ब्रह्मदेशात एका म्हातारीच्या दोन कोंबड्या. शनिदेवाला माझा पत्ता घावायला लई दिवस लागले बघा!"

सगळे हसले. त्यांच्यात मीही हसलो. आबांनी माझा हात सोडला आणि काठी चाचपली.

शेवटच्या आजारपणात त्यांनी विचारलं, "मास्तर, काई सांगायचं राहिलंय का?"

"न्हाई आबा. औषध घ्या."

"बरं," म्हणाले आणि तोंड उघडलं.

परवा नगरला डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, "या वयात अशी नजर! नशीबवान आहात." मला तिथे बसवेना.

आबा, बिल्ला मी नेला होता. पण आधी माफी मागायची आहे ती पारावर हसलो त्याची. बिल्ल्याची त्यानंतर.