दुधनेकाठची बासुंदी

हैदराबादवर आपलं सैन्य गेलं त्या सप्टेंबरात मी नाईक होतो. प्लाटूनचा वायरलेस सेट माझ्या ताब्यात होता. निजामाची फौज शरण आली होती. आम्हाला परतूर स्टेशनपासून चार कोसांवरच्या एका गावात ठाणं मांडायचा हुकूम मिळाला. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथे राहतात.

काम सोपं होतं. रस्त्यावर गस्त घालायची, हत्यारं जमा करायची, कंपनीला सकाळ-संध्याकाळ रिपोर्ट द्यायचा. प्लाटून कमांडर जमादारसाहेब उत्तरेकडचे होते. आवाज मोठा, छातीवर मेडलं, आणि डोक्यात एक भीती. रझाकार पळताना विहिरींत विष टाकून गेले, असं कुणीतरी त्यांच्या कानात भरलं होतं. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक विहिरीचं पाणी आधी आमच्या खेचराला पाजायचं आणि ते धडधाकट राहिलं तरच जवानांनी प्यायचं, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

आम्ही संध्याकाळी पोचणार होतो, पण दुधना नदीला पूर आला. रात्र अलीकडच्या काठावर ओल्या कपड्यांत काढली. सोबतचे शक्करपारे भिजून लगदा झाले होते, तेच खाल्ले. पलीकडे गावातल्या चुली दिसत होत्या. तिथे आमचं जेवण तयार होतं, हे आम्हाला कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं आणि साडेअकराला आम्ही गावात शिरलो. वेशीत सगळं गाव उभं होतं. रझाकारांच्या भीतीने महिनाभर ही माणसं रात्री ज्वारीच्या रानात लपून झोपली होती. आता सैन्य आलं म्हणून त्यांनी घराघरांतून दूध गोळा करून बासुंदी केली होती. ती आटवली होती किसनआबांनी. साठी ओलांडलेला शेतकरी, अंगाने काटक. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. विचारलं तर म्हणाले, गवत कापताना विळा लागला.

"काल सांच्यालाच केल्ती," आबा मला म्हणाले. "साय मी हातानं मोडून घातली. तुमी आले न्हाईत. मंग सकाळी पुन्हा बराबर उकळी आनली."

"लेकरांना तरी द्यायची होती, आबा."

"पाव्हने जेवल्याबिगर? ते कसं दिसंल, बाळा?"

पातेल्याभोवती पोरं घोटाळत होती. एकाच्याही ओठाला बासुंदी लागलेली नव्हती. पाहुण्यांची पंगत उठल्यावर गावाची बसणार होती.

पंगत बसली. माझ्या सेटची बॅटरी पावसात भिजली होती, कंपनी लागत नव्हती. मी लिंबाखाली खटपट करत बसलो. आबांनी माझा वाटा पातेल्यात राखून ठेवला.

अडीचच्या सुमारास पहिला जवान भडाभडा ओकला. तीन वाजेपर्यंत निम्मी प्लाटून आडवी होती. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, अंगाला गार घाम. जमादारसाहेब भिंतीला धरून ओकत होते आणि मधल्या वेळात हुकूम सोडत होते. सेट तेवढ्यात लागला.

"विषबाधेचा संशय. जवान आजारी. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

"डॉक्टर उद्या पोचतील. नदीला पुन्हा पाणी चढलंय. यजमानाला ताब्यात ठेवा. ओव्हर."

जमादारसाहेबांनी आबांना समोर उभं केलं.

"गाँव में किसने खाया?"

"अभी किसी ने नहीं, जनाब."

"एक ने भी नहीं?"

"नहीं, जनाब."

झालं. त्यांच्या लेखी गुन्हा शाबित झाला. गावाने आमच्यासाठी आपल्या पोरांच्या तोंडचा घास राखला, तोच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरला. मी म्हणालो, "साहब, इनके यहाँ मेहमान से पहले नहीं खाते. डॉक्टर को आने दीजिए."

"नाईक, अपना सेट सँभालो."

मग त्यांनी पातेलं मागवलं. आबा, त्यांची बायको गंगाबाई आणि सून, तिघांनी त्यातली बासुंदी खाऊन दाखवायची. सून पोटुशी होती. हुकूम कुणी मराठीत सांगायची गरज नव्हती. निजामाच्या राज्यात जन्म गेलेला माणूस, आबांचं उर्दू आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं. त्यांना शिवीसुद्धा नीट समजली.

खेचराचं काम त्या दिवशी त्यांना दिलं गेलं.

आबांनी बायकोला हाताने मागे सारलं. पातेलं उचलून तोंडाला लावलं आणि न थांबता सगळं प्यायले. माझा वाटाही त्यातच होता. कडेची साय बोटाने निपटून खाल्ली, पातेलं उपडं करून जमिनीवर ठेवलं आणि मराठीत म्हणाले, "सरली. आता कोनाला देता?"

जमादारसाहेबांनी आबांना चावडीत बंद केलं आणि विहिरीवर पहारा बसवला. खेचराला पाणी पाजलं होतं, पण सकाळपर्यंत वाट बघायची होती. तोवर त्या विहिरीचा थेंबही कुणाला द्यायचा नाही. जवानांना मागच्या काठावरून आणलेल्या पखालीतलं पाणी मिळालं. आबांना ते द्यायला मनाई होती.

संध्याकाळी आबांनाही उलट्या-जुलाब सुरू झाले. गंगाबाई चावडीच्या दाराशी तांब्या घेऊन बसली होती.

"अवो दादा, घोटभर तरी जाऊ द्या. त्यांचा घसा सुकून राह्यला."

"हुकूम नाही, मावशी," पहाऱ्यावरचा संत्री म्हणाला. तो स्वतः पोट धरून उभा होता.

मी माझी बाटली आत नेली. दोन घोट गेले, दोन्ही परत आले. बाटलीत तेवढंच होतं. आबांचे डोळे खोल गेले होते, हाताला चिमटा घेतला तर कातडी तशीच उभी राहत होती. पहाटे ते गेले. खेचर अंगणात मजेत कडबा खात होतं.

डॉक्टर कॅप्टन दुपारी आले. तोवर जवान उठून चहा पीत होते. त्यांनी आबांच्या अंगठ्याची चिंधी सोडली. आत जखम पिकलेली, पू भरलेला.

"विष कुणी घातलं नाही," ते म्हणाले. "ह्या पुवातले जंतू सायीबरोबर दुधात गेले, रात्रभर वाढले. सकाळच्या उकळीने जंतू मेले. त्यांनी सोडलेलं विष उकळून जात नाही." मग त्यांनी वर पाहिलं. "तुमची जवान पोरं पाण्यावर तगली. ह्यांना पाणी कुणी दिलं?"

जमादारसाहेब बुटांच्या नाड्या बांधत होते. मला त्यांचा राग आला होता. अजून येतो.

संध्याकाळी कंपनीने विचारलं, "प्लाटूनची हानी सांगा. ओव्हर."

"हानी नाही. एक गावकरी मयत. ओव्हर."

"गावकरी नको. हानी शून्य. रॉजर. आउट."

आठवड्याने आम्ही ठाणं हलवलं. निघायच्या सकाळी गंगाबाई भाकरीची टोपली घेऊन आली. जमादारसाहेबांसमोर ती खाली बसली. टोपलीतल्या एकेका भाकरीचा तुकडा मोडायची, आमच्याकडे बघत चावून गिळायची आणि मग उरलेली भाकरी जवानाच्या हातात द्यायची. शेवटच्या भाकरीपर्यंत तिने तसंच केलं. माझ्या भाकरीचाही तुकडा मोडलेला होता.

आमच्या रेजिमेंटच्या सेंटरमधल्या स्मारकाच्या दगडावर लढाईत पडलेल्यांची नावं कोरली आहेत. दरवर्षी मी तिथे टोपी काढून उभा राहतो. सगळी नावं वाचून झाली की किसनआबांचं नाव मी तोंडाने घेतो.