कानबाई गेटाशी थांबली

धुळ्याच्या एका दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डात मी मावशीचं काम करते. पेशंटला कुशीवर वळवणं, भांडं देणं, ऑपरेशननंतर धरून उभं करणं, यातच माझा दिवस जातो. त्या श्रावणात मात्र माझी श्रद्धा पार आटली होती. त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणावरून उठलीच नाही. इतक्या लोकांना उभं करणारे माझे हात, पण तिला उभं करू शकले नाहीत. तेव्हापासून आमच्या खानदेशची देवी, कानबाई, घरी बसवणं मी सोडलं. त्या वर्षीही नैवेद्याचे रोट केले नाहीत, सणाच्या दोन्ही दिवशी मुद्दाम ड्यूटी मागून घेतली.

वॉर्डात पारोळ्याकडच्या एक अक्का होत्या. खुब्याचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले, तरी जमिनीला पाय लावेनात. डॉक्टर सांगून थकले, "अक्का, चालला नाहीत तर पाठीला जखमा होतील, छाती भरेल." मला ते सारं पाठ होतं. आईचं तसंच झालं होतं. मी रोज वॉकर पुढे ठेवून विनवायची आणि अक्का भिंतीकडे तोंड फिरवायच्या. "मना पाय गया आते. पडू दे माले, माय."

सोमवारी सकाळी मी त्यांची चादर बदलत होते आणि ढोल-ताशा ऐकू आला. कानबाई विसर्जनाला पांझरा नदीकडे निघाली होती. आवाज जवळ आला आणि दवाखान्याच्या कोपऱ्यावर एकदम थांबला, आजारी माणसांना त्रास नको म्हणून. तेवढ्यात अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कानबाई उनी व माय! उठाड माले!"

मी वॉकर लावला, कमरेला हाताचा आधार दिला आणि अक्का उभ्या राहिल्या! समोरच्या बेडवरच्या शकीलाखाला, त्यांचा पाय वजनाला बांधलेला, मोठ्याने मोजू लागल्या, "एक... दो... तीन... शाब्बास अक्का!" बारा पावलांत आम्ही व्हरांड्यात पोहोचलो.

मिरवणूक मुकाट्याने गेटासमोरून चालली होती. कानबाईचा पाट डोक्यावर घेतलेल्या बाईची नजर आमच्यावर पडली. ती थांबली, वळली आणि सरळ आत आली. पायरीशी येऊन गुडघ्यात किंचित वाकली. अक्कांनी वॉकरवरचा एक हात सोडला. मी घाबरून त्यांना आवळून धरलं.

"सोड व, मी पडाव नही," अक्का म्हणाल्या.

मी हात सैल केला, फक्त तळवा पाठीशी ठेवला. त्यांनी कानबाईच्या पाटाला हात लावून नमस्कार केला. त्या बाईने त्यांना कुंकू लावलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "तुले बी, माय," म्हणत माझ्याही कपाळी बोट टेकवलं. मी काहीच मागितलं नव्हतं. मला रडू आवरेना, हसूही आवरेना.

मागून राउंडला आलेल्या डॉक्टरांचा आवाज आला, "अरे, अक्का कुठे गेल्या?" खालाच ओरडल्या, "बाहर देखो साहब, चलके गयी!"

ऑपरेशन उत्तम झालं होतं, असं डॉक्टर म्हणतात. ते खरंच आहे. ती बाई कोणत्या गल्लीतली, कोण, हे मला आजही ठाऊक नाही. तिला मनोमन रोज हात जोडते. पेशंटला उठवताना आता माझे दात-ओठ आवळले जात नाहीत. मनात एवढंच म्हणते, कानबाई माय, उभं तू कर. मी नुसती धरून राहते.