वावर माझ्या नावावर

"माय, काऊन अडून बसली? वावर विकून टाक. खामगावात माह्या नावावर प्लॉट घेतो, घर बांधतो, तुले बसून खाऊ घालतो."

"मले बसून खायची सवय नाही."

"तुह्या भल्याचंच सांगून राह्यलो."

हा माझा थोरला, मधुकर. खामगावात कचेरीत कारकून. वावर पिंपळगाव राजाच्या शिवारातलं. मालक गेल्यावर दुसऱ्यांच्या शेतातलं तण निंदून, अंगावरचं सोनं मोडून मी घेतलेलं. माझी पेन्शन म्हणाल तर हेच. घेणारा माणूस ओट्यावर चहा पीत बसलेला, कागद तयार.

मधुकर बोलत होता आणि मला एकेक बाई आठवत होती. बाजाराच्या मोटारीत आम्ही चौघी शेजारी बसतो. म्हातारपणाच्या तजविजीचे किस्से इतके साठलेत, की टोपल्या ठेवायला जागा उरत नाही.

रुखमानं घर पोराच्या नावावर केलं. थोड्याच दिवसांत तो म्हणाला, "माय, ओसरीत झोपत जा, हवा चांगली लागते." मग म्हणाला, "गोठ्यात त अजून चांगली."

रुखमा म्हणाली, "एवढी चांगली हवा मी एकटीनंच काऊन खाऊ? बायकोलेबी पाठव."

झोपते मात्र अजून गोठ्यातच. आम्ही हसतो, पण आधी तिच्या तोंडाकडे बघून.

यमुनेचे यजमान रिटायर मास्तर. पेन्शन यायची असली की सून आंघोळीला कढत पाणी काढायची. पैसे हातात पडले की दुसऱ्या दिवसापासून विहिरीचं गार. एका थंडीत मास्तरांनी पेन्शन आणली, गुपचूप यमुनेकडे दिली आणि घरात सांगितलं, "साहेब रजेवर आहेत."

साहेब होळीपर्यंत रजेवर होते, आणि मास्तर कढत पाण्यानं न्हात होते!

हमीदाबीची तऱ्हा निराळी. नवऱ्यानं दुकान तिच्या नावावर करून ठेवलेलं. पोरगा तिथं कापड विकतो आणि आईला भाडं देतो. एकदा भाडं थकलं. हमीदाबी भर बाजारात दुकानात शिरली, पोराला उठवलं आणि त्याच्या बुडाखालची गादी काखेत मारून चालू लागली.

"अम्मी, मैं तुम्हारा बेटा हूँ."

"बेटा है, इसलिए गादी ली. दूसरा होता तो ताला लगाती."

पोरगा संध्याकाळच्या आत भाडं घेऊन आला. तेव्हाच मी ठरवलं, व्हायचं तर गादी उचलणारी व्हायचं.

इकडे मधुकरचं चालूच होतं. सून दाराआड उभी. शेवटी त्यानं ठेवणीतलं काढलं, "माय, पोटच्या पोरावर भरोसा नाही का तुहा?"

ओट्यावरच्या माणसानं कप खाली ठेवला. मी म्हणाले,

"हाय ना बाप्पा, तूबी माह्यावर ठेव, उद्या नोकरीचा राजीनामा दे, मी तुले बसून खाऊ घालीन."