आमच्या बोळातला खुला व्यापार

तुमच्या फळीवर या क्षणी शेजाऱ्यांचं एखादं भांडं पडून आहे की नाही? खरं सांगा.

आमच्याकडे शहापुरात ते कायम असतं. भिंतीपलीकडच्या आक्कांचा पितळी डबा आमच्याकडे, आमचं पातेलं त्यांच्याकडे. आक्का घरात कन्नड बोलतात, आम्ही मराठी. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे दोन्ही भाषांत पाठ. त्यांच्यापलीकडे आप्पा, परसात लिंबाचं झाड असलेले. तिन्ही घरांत साड्यांचे माग.

बाबांनी मला वाचायला शिकवलं ते मागवाल्यांच्या मोर्च्याच्या पत्रकांवरून. माझा ‘अ’ अननसाचा कधी नव्हताच, अन्यायाचा होता. त्यामुळे कडोलीच्या साहित्य संमेलनात ‘शेजारच्या गरीब देशांनी आपसांत खुला व्यापार करावा का’ यावर बोलायला बोलावणं आलं, तेव्हा मी पेटलेच. करावा, करायलाच हवा. आपलं कापड सात समुद्र ओलांडतं आणि शेजारच्या देशाच्या फाटकात अडकतं, याला काय म्हणायचं? या देशांनी करार केलेले आहेत. पण प्रत्येकाने सोबत एक यादी जोडली आहे: हा माल नाजूक, याला सवलत नाही. आणि शेजारी जे खरोखर विकत घेईल, नेमकं तेच त्या यादीत.

हे किती सोपं आहे ते आधी बोळात करून दाखवावं, म्हणून मी आमच्या तीन घरांचा लेखी करार केला. ज्याला जे लागेल ते त्याने दुसऱ्याकडून मोकळेपणी न्यावं. अर्थातच पत्रक काढलं. आमच्या कट्ट्यावर बसून सगळ्यांनी सह्या केल्या.

सही झाल्यावर आप्पांनी कागद पुन्हा वाचला आणि विचारलं, “सगळं म्हंजे, लिंबंबी?”

तोवर त्यांची लिंबं कोणीही तोडून न्यायचं. पण लिहिलेलं बघून ते धास्तावले आणि म्हणाले, लिंबं तेवढी वगळ. मी मोठ्या मनाने वगळली. मग आक्कांनी बराच विचार करून शेंगाचटणी वगळली. ते आईला लागलं. तिने आंब्याचं लोणचं वगळलं. संध्याकाळपर्यंत कुरडया, ताक, इस्त्री, शिडी असं सगळं यादीत गेलं. शेवटी खुल्या व्यापाराला उरला शेवग्याचा पाला. शेवगा तिघांच्याही परसात होता.

डबा यायचा बंद झाला.

आणि त्याच आठवड्यात आईच्या मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपला. नवा ताणा जुन्याला जोडायचा म्हणजे धाग्याला धागा पिळत बसायचं. आईला मोतीबिंदू, हे काम इतकी वर्षं आक्काच करत आल्या होत्या आणि त्याला व्यापार वगैरे कोणी म्हणत नव्हतं. खडेबाजारातल्या दुकानदाराने नवरीची साडी सांगितली होती. आज माग सुरू झाला नाही, तर साडी लग्नाआधी होणार नव्हती, आणि दुकानदार पुढचं काम दुसऱ्या घरी देणार होता. आईने मला आक्कांना बोलवायला पिटाळलं.

आक्का निवांत शेंगा सोलत होत्या. “का गं, तुझ्या कागदात आमच्या बोटांचं काय लिहिलंयस?”

मी खरं ते सांगितलं. मालाचं आधी, कामाचं दुसऱ्या टप्प्यात.

“मग दुसऱ्या टप्प्यात येतो की.”

घरी येऊन मी निरोप दिला. हा दुसरा टप्पा कधी, असं आईने विचारलं. देशांच्या बाबतीत बोलणी वर्षानुवर्षं चालतात, असं मी समजावू लागले. ती ऐकत नव्हती. तिने लोणच्याची बरणी खाली काढली आणि आक्कांचा डबा काठोकाठ भरला.

“आई, लोणचं यादीत आहे.”

“यादी तुझी, बरणी माझी. जा, दिऊन ये.”

आक्कांनी झाकण उघडलं, वास घेतला, एक फोड तोंडात टाकली आणि हात धुऊन माझ्यामागून निघाल्या. मागावर बसल्या बसल्या त्यांनी भिंतीवरून हाक घातली, की सरबताला लिंबं हवीत. आप्पांनी अर्धी पाटी भरून आणली. वर, यादी कुणी केलती, असं मलाच विचारलं. दुपारी माग खडखडू लागला. साडी वेळेत खडेबाजारला गेली.

कडोलीत मी हेच सांगितलं. एका गृहस्थांनी उठून विचारलं, म्हणजे करार फुकटच की. मुळीच नाही. देशांना भिंतीवरून हाक घालता येत नाही, त्यांना कागद लागतोच. फक्त यादी छोटी करत जायची ती आपल्या सगळ्यात लाडक्या वस्तूपासून. माझं मत अजून तेच आहे, आणि पत्रकही तयार आहे.

तुम्ही सरकारला सांगाल तेव्हा सांगा. आज तेवढं फळीवरचं भांडं खाली काढा आणि भरून परत करा. त्यात शेवग्याचा पाला घालू नका. कुणाला द्यायला जिवावर येतं, ते घाला.